वळणावरचं बेट

॥ श्री ॥

मु. चिंचटोला, देवरी रोड
ता. १६ नोव्हेंबर १९३७

तीर्थस्वरूप शालीकरामदादा व सौ. सुलोचनावहिनी यांच्या पायांशी धाकट्या शामकलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

भाऊबीजेहून परतल्यावर पोचल्याचं पत्र टाकलं नाही म्हणून रागावला असाल. माझं अक्षर शाळेत सगळ्यांत चांगलं होतं असं तुम्ही वहिनींना सांगत असता. हे पत्र त्यांना दाखवू नका. ओळी सरळ येत नाहीत.

दादा, गेल्या बाजाराच्या दिवशी आमच्या दारासमोर मंगरूभाऊ वारले. माझ्या रुखीच्या बारशाला तुम्हाला आमगाव स्टेशनावरून गाडीत बसवून आणलं होतं आणि वाटभर बैलांशी गप्पा मारत आले होते, तेच मंगरूभाऊ. आमच्या धानाच्या बांधीत दरवर्षी कापणीला येत.

आमची विहीर उंचावर आहे हे तुम्ही पाहिलंय. तिथून रस्ता दोन्हीकडचा दिसतो. मधे वळणावर आमचं बांबूचं बेट आहे, त्यामुळे इकडून येणाऱ्याला तिकडचा दिसत नाही. मी पाणी काढत होते. मंगरूभाऊ बाजारातून परतत होते, रिकामी गाडी, बैलांच्या पुढं पुढं चालत. पलीकडून मोटार येत होती. मला दोन्ही दिसत होती दादा, ती एकमेकांना दिसत नव्हती. मी ओरडले. घागर टाकून धावले. मोटारीच्या आवाजात माझा आवाज कुठला पोचतो?

मी पोचले तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. पाणी मागितलं. माझा पदर ओला होता, तोच ओठांना लावला. मग ते गेलेच.

मोटारवाले पळून गेले नाहीत. रायपूरकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. रस्त्यातच मटकन बसले आणि दिखाई नहीं दिया, भगवान कसम दिखाई नहीं दिया, एवढंच म्हणत राहिले. देवरीच्या ठाणेदारांनी पंचनामा केला आणि यात कुणाचा दोष दिसत नाही असं सांगून गेले.

घरात सगळे मला जपताहेत. आत्याबाईंनी सासू असून आईसारखी नजर उतरवली, अंगारा लावला. पण दूरवर भोंगा वाजला की माझ्या हातातलं भांडं खाली पडतं. एवढ्यात दोन घागरींना पोचे आले.

माया आहे तशीच राहू द्या, याहून जास्त मागत नाही.

तुमची
शामकला

•

॥ श्री ॥

तिरोडा
ता. २४ नोव्हेंबर १९३७

चि. सौ. शामकला हिस दादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू नको म्हटलंस तरी वहिनीला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि चूल तशीच पेटती ठेवून दारात जाऊन उभी राहिली. त्या दिवशी आम्ही करपलेली भाजी खाल्ली, मुलं कुरकुरली नाहीत.

मंगरूचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मला पोचवल्यावर भाडं घ्यायला तयार नव्हता. मास्तर, पोरीले शाळेत घाला म्हणजे भाडं मिळालं, असं म्हणाला होता.

बाई, थोरला भाऊ म्हणून चार शब्द सांगतो. झालं ते तुझ्या हातात नव्हतं. मन तिकडे जाऊ देऊ नकोस. काही दिवस त्या विहिरीवर जायचं सोड, दुसऱ्या कुणाला पाठव. रस्त्याकडे पाहूच नको. काळ जाईल तसं विसरायला होईल. धान घरात आलं की रुखीला घेऊन इकडे ये. बोदलकशाच्या तलावाची मासळी वहिनी तुझ्यासारखी रांधत नाही, हे मी तिच्यासमोर लिहून राहिलो आहे, आणि ती पाठीमागून वाचून राहिली आहे.

केवळरामजींना नमस्कार. तुझ्या सासूबाईंची, धुरपताबाईंची, तब्येत कळव. तुझ्या पत्राची रोज वाट पाहणारा,

शालीकराम

•

॥ श्री ॥

चिंचटोला
ता. १४ डिसेंबर १९३७

तीर्थस्वरूप दादांना शामकलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं ऐकलं. विहिरीवर गेले नाही, रस्त्याकडे पाहिलं नाही. त्यानं काय झालं ते सांगते. रुखीची शाळा रस्त्यापलीकडे आहे, म्हणून मी तिला शाळेतून काढली. फाटकाला आतून दोरी बांधली. पोरगी दिवसभर दोरीशी उभी राहून शाळेतल्या पोरांचे पाढे ऐकायची आणि इकडून म्हणायची. एक दिवस यांनी, म्हणजे तुमच्या मेहुण्यांनी, ती दोरी सोडली. मला लाज वाटली.

मग मी यांना म्हटलं की मला मंगरूभाऊंच्या घरी न्या. आम्ही गेलो. त्यांची बायको नंदाबाई धान झोडत होती. तिचा बाप आला होता, दीर होता, पण काम तीच करत होती. मला पाहून तिनं पाटी बाजूला ठेवली. मला वाटलं रडेल, मीही रडेन. तिनं एकच विचारलं, की बाई, तुमी तं पाह्यलं, मंग त्याले मोटार काऊन दिसली नाही? माझा धनी आंधळा नोहता.

दादा, तो प्रश्न घेऊनच मी निघाले. परत येताना मी वळणावर गाडीतून उतरले. जिथं ते पडले तिथं उभी राहिले. त्यांना जे दिसत होतं ते पाहिलं. बांबू, दादा. आमचाच बांबू. रस्त्यावर असा झुकलाय की पलीकडून हत्ती आला तरी कळणार नाही.

विसरून होणार नाही. ते बेट तोडायचं.

घरी येऊन सांगितलं तर आत्याबाईंचा चेहरा काळाठिक्कर पडला. मामंजींनी हे जन्मले त्या पावसाळ्यात ते बेट लावलं. बांबू म्हणजे वंश, त्यावर लोखंड चालवायचं नाही, असं त्या म्हणाल्या. आणि हेही म्हणाल्या की एका मुलीवर थांबलेल्या सुनेनं तरी ही गोष्ट तोंडातून काढू नये. हे मला लागलं. पण त्या मनानं वाईट नाहीत. रात्री माझ्या पोळीवर तूप जास्त होतं. हे मधे बसून खाली मान घालून जेवले.

मी माघार घेणार नाही. कसं करायचं ते तेवढं सुचत नाही. तुम्हीच सुचवा.

रागावलात तरी पत्रात रागवा, अबोला धरू नका.

शामकला

•

॥ श्री महादेव ॥

चिंचटोला
ता. ९ जानेवारी १९३८

शालीकराम मास्तर यांस धुरपताबाईचा आशीर्वाद. मी सांगून राहिली, केवळराम लिहून राहिला.

मास्तर, तुमी शिकलेले. तुमच्या बहिनीले समजवा. पोरगी गुनाची आहे, कामाले वाघीन आहे, मी नाई म्हनत नाई. पर आता का करून राहिली आयका. दर बाजाराच्या दिवशी जुन्या लाल लुगड्याची चिंधी काठीले बांधते अना वळनावर जाऊन उभी राहते. इकडून गाडी आली का तिकडच्या मोटारीले चिंधी दाखवते. तिकडून मोटार आली का इकडच्या गाडीवाल्याले थांबवते. माह्या घरची सून, डोक्यावर पदर, अना हातात झेंडा! बाजारचे लोक हासून राहिले. एक जन म्हने, धुरपताबाईची सून टेशन मास्तर झाली.

मी इचारलं, काऊन वं, तुले भेव नाई वाटत? तं म्हने, आत्याबाई, लई वाटते. मंग कायले जाते, म्हटलं. तं म्हने, बेट आहे तवरी कोनी तरी उभं राह्यलं पाहिजे. आता याले का उत्तर द्याव?

त्या बेटाले माह्या धन्यानं सोताच्या हातानं पानी घातलं. तो गेला, बेट हाय. मी रोज सकाळी तिकडं पाहून हात जोडतो. ते तोडलं तं मी कोनाकडं पाहू? हे तिले समजत नाई.

तुमी या अना तिले दोन महिने माहेराले न्या. डोकं थंड झालं का पाठवा. लोभ कमी करू नका, म्हातारीचं बोलनं मनावर घेऊ नका.

धुरपताबाई

ता. क. आईने सांगितले तसेच लिहिले, माझे काही घातले नाही. माझे मत विचाराल तर, मास्तर, मी पहिल्या बाजाराला तिला आणायला गेलो होतो. तिचे गुडघे धोतराच्या काठासारखे हलत होते आणि काठी सरळ होती. मी तसाच परत आलो. — केवळराम

•

॥ श्री ॥

तिरोडा
ता. १८ जानेवारी १९३८

चि. सौ. शामकला हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं. ते वाचून मी पिशवी भरली, तुला आणायला निघालोच होतो. वहिनी दारात आडवी झाली. तिचं म्हणणं असं, की ज्या दिवशी शामकला फाटकाला दोरी बांधून बसली होती त्या दिवशी तुम्ही जायला हवं होतं, आता ती रस्त्यावर उभी राहिली तर कायले जाता? मी पिशवी रिकामी केली.

विसर असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. शाळेतल्या मुलांना आम्ही असलं पुष्कळ सांगतो.

तुझं पत्र आल्यावर मी रस्त्याच्या ओव्हरसियर साहेबांना अर्ज केला होता. उत्तर आलं की बेट खाजगी जमिनीत आहे, मालकाने संमती द्यावी. म्हणजे फिरून तुझ्याच घरात आलं. बाई, एक मात्र ऐक. धुरपताबाईंच्या मनाविरुद्ध एकही बांबू तोडू नकोस. त्यांचंही माणूस त्या बेटात आहे. तोडलंस तर वळण मोकळं होईल पण घरात एक नवं वळण तयार होईल. तू हट्टी आहेस, लहानपणी मी देतो म्हणेपर्यंत पेरूच्या झाडाखालून हलायची नाहीस. तसाच हट्ट धर. उभी राहा.

रस्त्याच्या कडेला उभी राहा, मधे नको. एवढं माझ्यासाठी.

शालीकराम

•

॥ श्री ॥

चिंचटोला
ता. २० फेब्रुवारी १९३८

तीर्थस्वरूप दादा व वहिनी यांना शामकलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं एक ऐकलं, एक मोडलं. आधी मोडल्याचं सांगते.

मागच्या बाजाराला मी वळणावर होते. आत्याबाई तरातरा आल्या आणि मनगट धरलं. सगळ्या बाजारासमोर आज तुला घरात नेते, असं म्हणाल्या. तेवढ्यात नंदाबाईची गाडी आली. गाडी हाकायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून ती स्वतः बैलांची दोरी धरून निघाली होती, धानाची पोती घेऊन. बेटाजवळ आले आणि बैल अडले. त्याच जागी. पुढचे पाय रोवून, माना खाली. नंदाबाई त्यांना चुचकारत होती, रागावत होती, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी.

पलीकडून भोंगा वाजला.

मी हात सोडवून घेतला आणि वळण ओलांडून धावले. कडेला नाही राहिले दादा, मधेच गेले. सर्व्हिसची मोटार होती, माणसांनी भरलेली. मी चिंधी हलवत राहिले. भीती त्या वेळी कुठं गेली कोण जाणे. ब्रेक कर्कश वाजले, धूळ उडाली, आणि मोटार माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. ड्रायव्हर मला हिंदीत नाही नाही ते बोलला. मग उतरून वळणापर्यंत गेला, आडवी गाडी पाहिली, आणि टोपी काढून तिथंच उभा राहिला.

आत्याबाईंनी नंतर मला सांगितलं. त्यांना बेटाच्या अलीकडून काहीच दिसलं नाही. मोटार नाही, मी नाही. ब्रेकचा आवाज तेवढा ऐकला. त्यांनी माझ्या नावानं हाका मारल्या, त्या मला ऐकू आल्या नाहीत. वळण फिरून त्या आल्या तेव्हा चप्पल एकाच पायात होती. दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं आणि विचारलं, की आहेस का वं? मी आहे म्हटलं. मग आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसलो आणि नंदाबाईनं आम्हाला पाणी पाजलं.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी बेटाचा विषयही काढला नाही, एवढं तुमचं ऐकलं. सकाळी आंघोळ करून त्यांनी हळद, कुंकू, नारळ घेतला आणि बेटाकडे गेल्या. पुष्कळ वेळ मामंजींशी बोलत होत्या, काय ते आम्ही ऐकलं नाही, लांबच उभे राहिलो. मग यांना हाक मारली आणि कुऱ्हाड मागितली. हे म्हणाले की आई, मी घालतो. त्या म्हणाल्या, माह्या धन्यानं लावलं, मीच तोडन. पहिला घाव त्यांचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घाव नेमका बसत होता. मग यांनी धरली, मग मी. दुपारपर्यंत गावातल्या बायका विळे घेऊन आल्या. नंदाबाईही आली. मला टेशन मास्तर म्हणून हसणारा तो बाजारकरी ओढायला आला, त्याला आत्याबाईंनी सगळ्यांत जाड बांबू दिले.

गड्डे उकरून ओल्या पोत्यांत गुंडाळून ठेवलेत. पावसाळ्यात मागच्या परसात लावायचे. वंश कुठं गेला नाही, रस्त्यावरून परसात राहायला आला, असं आत्याबाई विचारणाऱ्याला सांगतात. न विचारणाऱ्यालाही सांगतात.

दादा, मी बरी झाले असं लिहीत नाही. भोंगा ऐकला की अजून हातातलं भांडं आधी खाली ठेवते, आणि काही रात्री तो ओला पदर हातात येतो. नंदाबाईला मी हे सांगितलं. तिनं सांगितलं की तिलाही झोप लागत नाही, म्हणून ती पहाटेच उठून जात्यावर बसते. आता मीही त्याच वेळी दळते. दोन गावांत दोन जाती फिरतात. रुखी शाळेत जाते. मी फाटकापर्यंत जाते आणि तिथंच थांबते.

लोधीटोल्याच्या नाल्याजवळ असंच एक वळण आहे. तिथं बांबू नाही, रायमुनियाची झुडपं माजली आहेत. तिथल्या बायकांनी निरोप धाडलाय की पाहायला या. आत्याबाईंनी येत्या रविवारचं ठरवून टाकलं, मला विचारलंही नाही. आत्ता अंगणात बसून कुऱ्हाडीला धार लावून राहिल्या आहेत आणि मास्तरांना लिही म्हणताहेत, की सुनेला माहेरी न्यायला येऊ नका, तिच्याविना माझं काम अडते.

वहिनींना मासळीबद्दल काही बोलू नका. आम्हा सगळ्यांवर आजवर केलीत तशीच माया करत राहा.

तुमची धाकटी
शामकला