पुलाच्या वरचं पाणी

१२ जानेवारी

गटार! नव्या नकाशात आमच्या खाडीची निळी रेघ पादचारी पुलापाशी संपवली आहे आणि पुढे लिहिलंय – ‘पावसाळी गटार’. एकदा गटार म्हटलं की वर स्लॅब टाकून मोटारी उभ्या करायला मोकळे! नगर परिषदेचे तिघे एकदाच पाहायला येणार. पुलाच्या वरच्या अंगालाही भरतीचं पाणी चढतं हे त्यांना दिसलं तर खाडी वाचली.

लगेच मोठ्याने भाषणाच्या तयारीला बसले. नवऱ्याने, मर्विनने, कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. बत्तीस वर्षांच्या संसारात माझं एकही भाषण शेवटपर्यंत ऐकलं नाही या माणसाने.

१५ जानेवारी

भरतीची वेळ मर्विनला विचारली. खेकड्यांच्या जाळ्यांपायी पाण्याचं सगळं त्याला ठाऊक.

“बुधवारी त्यांना सव्वानऊला बोलव,” म्हणाला. “बोलणार किती आहेस?”

“पाच मिनिटं.”

हसता हसता त्याचा चहा सांडला. मेला!

२१ जानेवारी

फजिती! तिघे वेळेवर हजर, आणि पुलाच्या वरच्या अंगाला पाण्याचा टिपूस नाही. नुसता चिखल, तिवरांची मुळं आणि दुकानातली एक उलटी पडलेली ढकलगाडी.

तिघांतले प्रमुख कॅसिमाटिस म्हणाले, “नेरिडाबाई, हे गटारच की हो!”

मर्विनने कपाळावर हात मारला. “अरेच्चा! तक्त्यात तास मिळवायचा राहिला.”

उन्हाळ्यात सगळी सिडनी घड्याळं तासभर पुढे करते, भरतीचा तक्ता करत नाही – शेंबड्या पोरालाही माहीत आहे! शिवाय पाणी इथवर चढायला वर अर्धा तास.

कॅसिमाटिस गाडीची किल्ली चाचपू लागले. मग मी तोंड उघडलं. इथल्या मूळच्या लोकांनी पूर्वी काठावर टाकलेल्या शिंपल्यांच्या राशी, कालवं, बोय माशांची पिल्लं...

“थोडक्यात सांगा बाई.”

“थोडक्यातच सांगते,” म्हणाले, आणि हजारो वर्षांपूर्वी समुद्र चढून ही दरी बुडाली तिथून सुरुवात केली. मर्विन डब्यातले लॅमिंग्टन केक वाटत होता – एकेक, सावकाश.

आणि चिखलाला बुडबुडे फुटले. खेकडे बिळांत शिरले. पुलाखालून पाण्याची बारीक जीभ आली, मागून सगळी खाडी! माझं भाषण अर्ध्यावरच राहिलं! पावणेअकराला ढकलगाडी दिसेनाशी झाली. कॅसिमाटिसांचे बूटही.

१० फेब्रुवारी

जिंकलो!! स्लॅब रद्द. निळी रेघ चारशे मीटर वर सरकली. कॅसिमाटिसांनी पत्राखाली हाताने लिहिलंय – “नुसती भरलेली पाहिली असती, तर पावसाचं साचलेलं पाणी समजलो असतो. चिखलाची खाडी होताना पाहिली.”

“बघ, तुझ्या विसराळूपणावर माझ्या जिभेने मात केली,” मी मर्विनला डिवचलं.

“वय झालं गं,” म्हणाला.

११ फेब्रुवारी

जाळ्यांच्या पेटीत मर्विनची जुनी वही सापडली. शेवटच्या पानावर – “बुधवार. पुलाखाली पाणी दहाला. नेरिडा, पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे सव्वानऊ.”

मागची पानं चाळली. माझी सगळी भाषणं, तारीख आणि मिनिटांसकट. पहिली तारीख आमच्या लग्नाआधीची आहे.