सरळ रेघा

दि. ११ फेब्रुवारी

ती. मामास,
नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? आम्ही सगळे ठीक. चार महिन्यांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, म्हणून शेवटी कागदावर उतरले. पत्र तरी कट करता येत नाही! फाडता येतं म्हणा.

आमच्या लॅबमध्ये नवं यंत्र आलंय. तू असतास तर त्याच्यापुढून हलला नसतास. जुन्या यंत्राची हिऱ्याची सुई धातूवरून सरकत उंचसखलपणा मोजते, हे तुला माहीतच आहे. हा नवा पठ्ठ्या हातच लावत नाही. नुसता उजेड टाकतो आणि रंगीत नकाशा काढून देतो. पहिल्या दिवशी मी दिसेल ते त्याच्याखाली सरकवलं. चाव्या, डब्याचं झाकण, स्वतःचं नख. नखावर केवढ्या खाचा असतात, बाप रे! दशांशराव, म्हणजे आमचे लॅबप्रमुख, "खेळणं आहे का ते?" म्हणून ओरडले आणि थोड्या वेळानं हळूच स्वतःचं घड्याळ घेऊन आले.

मग म्हटलं, आधी मोजलेलं काहीतरी घालून बघू, आकडे जुळतात का. नापास मालाच्या कपाटात तुझा आरसा होता. हो, तोच. दुर्बिणीसाठी तू तीन आठवडे हातानं पॉलिश केलेला, ॲल्युमिनियमचा.

इथवर लिहून उठले, चहा करून आले. आता लिहितेच.

चार महिन्यांपूर्वी त्या दिवशी मी आधी आरसा आडवा मोजला, सुई शेजारीशेजारी शंभर वेळा फिरवून. आकडा झकास आला. मग खात्रीसाठी त्याच जागेवर सुई उभी फिरवली, तर ओरखडेच ओरखडे! 'पॉलिशमधला दोष' असं लिहून मी मोकळी झाले. तू अहवाल वाचलास, आरसा भिंगाखाली धरलास आणि एवढंच म्हणालास, "अगं, या रेघा सरळ आहेत. माझा हात गोल फिरतो."

आणि मी सगळ्या पॉलिशखात्यासमोर म्हटलं, "मामा, यंत्राला नातं कळत नाही."

तू ॲप्रनची घडी करून ठेवलीस आणि गेलास. तीस वर्षांची नोकरी.

परवा नव्या यंत्राखाली त्या रेघा पाहिल्या. शंभर. सगळ्या सारख्या अंतरावर, एका ओळीत सुरू होऊन एका ओळीत संपणाऱ्या. तांदळाच्या दाण्याएवढा चौकोन, आणि त्याच्याबाहेर सगळीकडे तुझं काम नितळ. रेघांमधलं अंतर मोजलं. माझ्या सुईच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर, अगदी तेवढंच. सुईचा दाब मी पोलादाला लागतो तेवढा ठेवला होता. मऊ धातूला तो कमी करायचा असतो, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. मामा, ओरखडे मीच काढले, मीच मोजले आणि तुझ्या माथी मारले.

खरं सांगू? तुझं ते 'गोल फिरतो' तेव्हाही डोक्यात टोचलं होतं. मीही भिंग घेऊन दोन मिनिटं बघायचीच काय ती खोटी होती. पण भाची मामाला पाठीशी घालते असं कोणी म्हणेल, याची धास्ती. म्हणून बघितलंच नाही. लाज वाटते रे.

दशांशराव म्हणाले, "दुसरा आरसा देऊन झाला, गिऱ्हाईक खूश आहे. आता उकरून काय काढतेस?" मी म्हटलं, "सर, मोजायलाच पगार मिळतो ना आपल्याला?" दुरुस्त अहवाल लिहिला. 'दोष कोणाचा' या रकान्यातलं तुझं नाव खोडून माझं घातलं, सही केली. मग पॉलिशखात्यात जाऊन, त्याच सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचला. तुझ्या जागेवर अजून कोणी बसत नाही, हे तिथे दिसलं.

मॅनेजर तुला परत बोलावणार आहेत. यायचं की नाही, तुझी मर्जी. त्यांच्या वतीनं मी काही मागत नाही.

रविवारी मी घरी येते. मामीला आधी सांगू नकोस. ती तुला समजावून थंड करून ठेवेल, आणि मला तुझा राग पुरता हवाय.

तू म्हणशील तर अजूनही तुझी,
भाची