थोरलीचा पायगुण

आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तर तुम्हाला जाऊनही जमाना लोटला, तेव्हा हे लिहिणं म्हणजे आपलंच आपल्याशी बोलणं. पण आज सकाळी नातवानं मला चांगलंच पकडलं. हिंगोलीच्या डॉक्टरच्या गोळीनं गुडघा हलका झाला की मी म्हणते, त्याच्या हाताला यश आहे. आणि ठणकला की म्हणते, मीच आंबट खाल्लं असेल. नातू हसत म्हणाला, "आज्जे, म्हंजे डॉक्टर कंदी चुकूच शकत न्हाई व्हय?" मला एकदम तुम्ही आठवलात. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणायची रीत, पण तुम्ही घरात सासूपेक्षा न्यायाधीश जास्त होतात, आणि तुमची कचेरी जगावेगळी होती. निकाल आधी लागायचा, साक्षीपुरावा मागून सावकाश गोळा व्हायचा.

आपल्या घरात आम्ही दोघी सुना. थोरल्या जाऊबाई माप ओलांडून आत आल्या त्याच दिवशी वरातीच्या गाडीचा बैल लंगडला. मी आले त्या दिवशी हरवलेली गाय आपणहून दारात येऊन उभी राहिली. झालं, तुमचं ठरलं. थोरली पांढऱ्या पायाची, धाकटी लक्ष्मीच्या पावलाची. बैल म्हातारा होता, नरसीकडून येणारी वाट दगडगोट्यांची होती, गाईला भूक लागली असेल, असलं काही कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही. लक्ष्मी म्हटलेलं कुणाला नको असतं?

मला अजून तुमचं स्वयंपाकघर दिसतं. चुलीवर दूध आहे, जाऊबाई ते ढवळताहेत आणि दूध नासतं. तुम्ही उंबऱ्यातूनच म्हणता, "तिची सावली पडली." दुसऱ्या दिवशी मी ढवळते आणि माझंही नासतं. तुम्ही पातेलं नाकाशी धरता आणि म्हणता, "भांडं काहून असं घासलं थोरलीनं?" मी जाऊबाईंकडे बघते, त्या माझ्याकडे बघतात, आणि आम्ही दोघी पदर तोंडाला लावून मागच्या दारी पळतो. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या होत्या त्या. हसायला लागल्या की त्यांना थांबता यायचं नाही.

विरजणाचा खेळ आम्ही त्यातूनच काढला. थोरलीच्या हाताचं दही लागत नाही, असं तुम्ही साऱ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. मग रोज संध्याकाळी दुधाला विरजण लावायच्या जाऊबाई, आणि सकाळी गाडगं तुमच्यापुढे ठेवायची मी. तुम्ही बोटानं दही दाबून बघायच्या. "असं घट लागाया हाताला गुण लागतो माय," असं शेजारणीला ऐकवायच्या. आखाडापासून पोळ्यापर्यंत हे चाललं. शेवटी मलाच राहवेना. मी म्हटलं, "आत्याबाई, हे दही थोरल्या बाईंनी लावलेलं हाय. समदंच त्यांनी लावलेलं हाय." मला वाटलं, आता तुम्ही गप्प व्हाल. तुम्ही घास गिळला, थोडा विचार केलात आणि म्हणालात, "तू जवळ हुबी होतीस न्हवं? मंग."

इथवर सगळी मौजच होती. त्या साली दिवाळीला जाऊबाई माहेरी गेल्या, कनेरगावचा नाका ओलांडून पलीकडे वऱ्हाडात. मोठी लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी जाऊबाईंची कूस उजवली नव्हती. माझं पोर मात्र रांगत होतं. तुम्ही त्यांना आणायला गाडीच पाठवली नाही. "एक साल तिच्याबिगर काढून पाहू," म्हणालात. औंढ्याकडून थोरल्या दिरांसाठी दुसरी मुलगी सांगून आली होती आणि तुम्ही ती बोलणी मोडली नाहीत. दीर आईपुढे हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. दुसरी आली की जाऊबाईंना या घरात जागा उरणार नव्हती, हे मला पक्कं कळत होतं. मला रात्रंदिवस तेच सुचायचं, कारण या घरात माझी मैत्रीण तेवढी एकच होती.

आणि त्या बाई घरात नसतानाही व्हायचं ते होतच होतं. तुरीला अळी लागली. मामंजींना हिवताप झाला. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्या. मी वाट बघत होते की आता तरी तुम्हाला उमगेल. तुम्ही मामंजींच्या डोक्यावर ओली पट्टी ठेवता ठेवता म्हणालात, "बाई गेली, पर तिची सावली मागं राह्यली." मी चुलीपाशी बसून भाकरी थापत होते. मला राग यायला हवा होता, पण सुचलं भलतंच. मी म्हटलं, "सावली मागं राहतेच, तर बाईनं तिकडं बसून काय उपेग? सावलीची तकलीफ आपल्याला, आन् बाईचं काम तिच्या बापाला. हरभरा सोंगायला आलाय, हात कमी पडून राहिलेत." तुम्ही पट्टी बदललीत. मग म्हणालात, "बात बराबर हाय. सोंगणीपुरती येऊ दे."

गाडी कधी पाठवायची ते मात्र मी ठरवलं. म्हैस दिवसांत आली होती. तिच्या कासेत दूध उतरलेलं दिसलं तशी मी थोरल्या दिरांना म्हटलं, आजच निघा. माझा हिशोब सरळ होता. जाऊबाईंचं पाऊल दारात पडावं, म्हशीला हल्या नाही, मादी वगार व्हावी, आणि तुमचा निकाल फिरावा. पुराव्यानं तुम्ही वळत नव्हता, तर शकुनानंच वळवावं. पण गाडी परतायची त्याच दिवशी म्हैस अडली. सकाळपासून ती गोठ्यात उठत होती, बसत होती, आणि रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता. तुम्ही नागनाथाला नारळ बोललात. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. आता गाडी दारात येईल, म्हैस मरेल, आणि मीच जाऊबाईंच्या संसाराची माती केलेली असेल.

गाडी आली. जाऊबाईंनी गोठ्याकडे पाहिलं, बोचकं खाली टाकलं, आणि कुणाला काही न विचारता खांद्यापर्यंत तेल चोळलं. त्यांच्या माहेरी दावणीला म्हशीच म्हशी. आत दुमडलेला पाय त्यांनी चाचपून सरळ केला, म्हशीशी बोलत, तिच्या कळेबरोबर ओढत. रेडकू बाहेर आलं तेव्हा त्यांच्या कपाळावर शेण होतं आणि कुंकू फिसकटलं होतं. वगार नव्हती, हल्या होता. मी डोळे मिटून घेतले. आणि तुमचा आवाज ऐकला. तुम्ही शेजारणीला सांगत होतात, "थोरली दारात आली आन् म्हैस मोकळी झाली. पाऊल लागतं बाई, पाऊल." मी म्हटलं, "आत्याबाई, पाऊल न्हाई, हात. हात बघा त्यांचा." तुम्ही म्हणालात, "तेच ते."

औंढ्याची बोलणी तुम्हीच मोडलीत. त्यानंतर दूध नासलं तर मांजर, आणि मांजर नसेल तर धाकटीचं ध्यान नाही. जाऊबाईंना पुढे मुलगी झाली, तीही तुमच्या मते हल्याच्याच शकुनानं. मी तुमच्यावर इतकी हसले आहे, आणि इतकी माया केली आहे, की हे लिहिताना आज दिवसभर माझा चेहरा हसराच होता.

संध्याकाळी जाऊबाई येऊन बसल्या. अजून आमची भिंत एकच आहे. मी त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. दह्याच्या जागी त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग म्हणाल्या, "समदं गमतीचंच लिवलंस धाकटे. म्या माहेरी होते ते बी लिव्ह." मी विचारलं, काय लिहू? त्या म्हणाल्या, "माजा बाप रोज सांजच्याला सडकंवर जाऊन बसायचा. इकडून गाडी येती का पाहून राह्यचा. वापस आला की माय त्याला पानी द्यायची, आन् कुनी काही इचारायचं न्हाई." हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मीच मनात ठेवून घेतलं नाही, कोण जाणे.

त्या गेल्यावर तुम्हाला दोन शब्द कडक लिहावेत म्हणून मी पुन्हा बसले. 'आत्याबाई, तुम्ही फार वाईट केलंत' एवढं लिहिलं. पुढे लिहिलं की मामंजी आजारी होते, तुरी गेल्या होत्या, तुम्ही तरी कुणाकुणाकडे बघणार. मग ते खोडलं आणि पुन्हा कडक लिहायला घेतलं, तर तुमच्या हातची गरम भाकरी आठवली. माझी बाळंतपणं तुम्ही केलीत ती आठवली. तुम्ही चांगल्या होतात हे माझं केव्हाचं ठरून गेलंय आणि आता मला दुसरं काही सापडतच नाही. हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, तेच बरं. तुमचा राग मला आजही आला नाही. जाऊबाईंना तो अजून येतो, आणि खरं त्यांचंच आहे.