सुया मीच मिसळल्या

३ मार्च, सकाळ

सूनबाई, वही फ्रीजवर होती. तू ती पलंगाखाली शोधत होतीस, आणि डोक्यावर चष्मा ठेवून चष्माही शोधत होतीस. असो. मी सांगणार, तू लिहिणार, आणि मी म्हणेन तेव्हा मलाच वाचून दाखवणार. दुसऱ्या कोणासाठी नाही हे. मला अक्षर येत नाही आणि तुला काही आठवत नाही. जोडी बरी जमली.

मुद्दाही तोच आहे. या घरात सगळेच विसरतात. तू चष्मा, तुझा नवरा दूध, मी गुडघ्याची गोळी. पण अपॉइंटमेंट घेतली ती फक्त ह्यांची. वीस तारखेला, मोठ्या हॉस्पिटलात, डोक्याच्या डॉक्टरकडे.

कारण काय, तर हे बल्ब आणायला गेले आणि पुढच्या गल्लीत कोणाच्या तरी घरात जाऊन खुर्चीवर बसले. चहा मागितला. आता त्या घराचं फाटकही हिरवंच आहे. आणि त्या बाईने चहा दिला की, म्हणजे तिला काही वावगं वाटलं नाही. उलट चहा आपल्यापेक्षा बरा होता म्हणाले. यात आजार कुठे आला?

मुलाशी सौदा केला. मागच्या शेडमधली आपली जुनी डिझेल गाडी ह्यांनी स्वतःच्या हाताने चालू केली, तर अपॉइंटमेंट रद्द. नाही झाली, तर मी निमूट ह्यांना घेऊन येईन. मुलगा म्हणाला, आई, ती गाडी किती वर्षं उभी आहे. मी म्हटलं, दुकान बंद केल्यापासून तुझे बाबाही उभेच आहेत. दोघांना एकदमच सुरू करू.

गाडीला तसं काही झालेलं नाही. इंजेक्टर चोंदलेत, बस. इंजिनात डिझेलचा फवारा मारतात ते. ह्यांनी जन्मभर दुकानात दुसरं केलं काय? लोकांचे इंजेक्टर खोलायचे, साफ करायचे, परत जोडायचे. हात विसरत नसतो.

४ मार्च

प्लॅन तयार. एक दिवस खोलायला, एक साफ करायला, एक जोडायला. उरलेले दिवस फिरायला. वीस तारखेला मूड असला तर त्याच गाडीतून हॉस्पिटलला जाऊ. डॉक्टरला खाली बोलवायचं आणि इंजिनाचा आवाज ऐकवायचा. तपासा म्हणावं.

आज सुरुवात झाली नाही. हे दिवसभर पायरीवर बसून होते. मनात काम मांडत असणार.

५ मार्च

आजही मांडतच होते.

६ मार्च, दुपार

सुरुवात! शेडचं दार मीच उघडलं. ताडपत्री काढली तर उंदरांनी सीटमध्ये संसार थाटलेला. ह्यांनी बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि न बोलता हात पुढे केला. मी पाना दिला. बरोबर नंबरचा. एवढ्या वर्षांनीही मला अंक वाचता येत नाहीत, पण ह्यांच्या बोटांच्या फाकण्यावरून पाना ओळखते.

वरच्या लोखंडी नळ्या भराभर सुटल्या. दोन इंजेक्टर सहज निघाले. दोन काजळीने इंजिनाला धरून बसलेत. तेल सोडून ठेवलंय. भोकांत फडकी कोंबली, कचरा पडू नये म्हणून. सांगावं लागलं नाही. लिही: सांगावं लागलं नाही.

मुलाला फोन करून सांगितलं. तो ऑफिसात होता. बरं म्हणाला.

८ मार्च

तिसरा निघाला. चौथा निघेना तेव्हा ह्यांनी पाना फेकला. शेडच्या पत्र्याला पोचा आला.

आजवर ह्यांनी हत्यार कधी फेकलं नव्हतं. कोणी हत्यार ओलांडून गेलं तरी त्याला दुकानाबाहेर काढायचे. पण तो पाना घसरतच होता, मी बघितलाय. शिवाय उकाडा.

संध्याकाळी चौथाही निघाला. म्हणजे पाना फेकायची गरज होती असंच म्हणायला हवं.

९ मार्च

कपांची व्यवस्था केली. ती कशासाठी ते लिहून ठेव, नाहीतर विसरशील आणि मला विचारशील की कपाटातले कप कुठे गेले.

प्रत्येक इंजेक्टरच्या टोकाला एक नोझल असतं, आणि त्याच्या आत एक सुई. पेन्सिलीच्या तुकड्याएवढी, आरशासारखी. ती सुई आणि तिचं घर कारखान्यातच एकमेकांत घासून जमवलेलं असतं. केसाचाही फरक नसतो. शेजारच्या घरात ती सुई चालत नाही, दिसायला सारखी असली तरी. म्हणून खोललं की ज्याची सुई त्याच्याच कपात. लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी मला हे समजावलं होतं. मी म्हटलं होतं, आपलं जमवताना एवढं कोणी घासलं नाही. ते हसले होते. पण सुया मिसळल्या म्हणून एका हुशार कारागिराला त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. ती चूक त्यांच्या दुकानात माफ नव्हती.

तर चार कप. कान तुटलेला, निळ्या काठाचा, तुझ्या नवऱ्याचा लहानपणचा हत्तीवाला, आणि तुझ्या माहेरचा. तुझ्या माहेरच्याला आता डिझेलचा वास येणार. बोलू नकोस, लिही.

११ मार्च, संध्याकाळ

सकाळ फार छान गेली. ह्यांनी पितळी ब्रशने पहिलं नोझल असं साफ केलं की बघत राहावं. लोखंडी ब्रश मी मुद्दाम पुढे केला, परीक्षा म्हणून. हात झटकला माझा! ओरखडे पडतील, अक्कल आहे का, म्हणाले. इतकं बरं वाटलं मला ते ऐकून.

मी चहा करायला आत गेले. बाहेर आले तर चारही कप धुऊन उपडे ठेवलेले. सगळ्या सुया, सगळी नोझलं एकाच तसराळ्यात, स्वच्छ डिझेलमध्ये, चकचकीत. हे हात पुसत होते. म्हणाले, अगं, भांडी घासून झाली. तू बस आता.

वरचं सगळं खोड. चहा करायला आत गेले, तिथपासून.

खोडलंस? आता लिही: सुया मी मिसळल्या. म्हातारी बाई, चष्मा नव्हता, भांडी समजून विसळल्या. मुलाला मी तेच सांगितलंय. तो माझ्यावर चिडला. चिडू दे.

थांबलीस का? लिही.

१२ मार्च

अजिबात अडचण नाही. सुईला तिचं घर परत शोधून देता येतं. सुई थोडी वर ओढायची आणि सोडायची. आपल्या घरात असली तर स्वतःच्या वजनाने सुळ्ळकन खाली जाते. परक्या घरात अडकते, नाहीतर धपकन पडते.

सकाळभर हे सुई सोडत होते, मी कान लावून होते. दोघी आपापल्या घरी गेल्या. दोघी रुसल्या.

मधेच विचारलं, गाडी कोणाची ही? मी म्हटलं, गिऱ्हाईकाची. लगेच ताठ बसले. म्हणाले, मग वेळेवर द्यायला हवी, कशी आहे पार्टी? मी म्हटलं, एक बाई आहे, फार कटकटी. तर म्हणाले, अशा बायकांना आधी चहा पाजायचा, मग बोलायचं.

दुपारभर काम केलं ते त्या कटकटी बाईसाठी. मस्करी करायची सवय जुनीच आहे त्यांची.

१४ मार्च

इंजेक्टर जोडून दुकानातल्या जुन्या टेस्टरवर लावून बघितले. हाताने दांडा मारायचा, की नोझलमधून डिझेल उडतं. चांगल्याचं धुकं होतं आणि चर्र असा आवाज येतो. दोघांचं धुकं झालं. दोन थेंब थेंब गळतात, सर्दी झालेल्या नाकासारखे.

दांडा मी मारत होते. हे वाकून बघत होते. आणि ह्यांनी तळहात पुढे केला, फवाऱ्याखाली. पाऊस बघतात तसा.

सूनबाई, तो फवारा कातडीतून आत जातो. हाताचं बोट जातं, हात जातो. याच कारणासाठी हे कारागिरांच्या पाठीत धपाटे घालायचे. मी दांडा सोडला आणि हात ओढला. इतक्या जोरात की ह्यांच्या मनगटावर माझी नखं उमटली. त्यांना कळेना मी का ओरडले. रडकुंडीला आले होते.

माझी परीक्षा घेत होते, लोखंडी ब्रशची फिटंफाट.

टेस्टर कुलूप लावून ठेवलाय. किल्ली तुझ्याकडे राहू दे. विसरू नकोस कुठे ठेवलीस ते.

१६ मार्च, रविवार

मुलाला सुट्टी. शेडमध्ये आला, बाह्या वर केल्या. पोरगा जन्मभर कम्प्युटरवर बसला, पाना धरतो झाडूसारखा. पण ह्यांनी सांगितलं तसं केलं. जुने तांब्याचे वॉशर काढून नवे घातले, इंजेक्टर बसवले, नळ्या आवळल्या. गळके दोनही तसेच बसवले, दुसरे आणायचे कुठून. हे मागे उभे राहून सांगत होते, हळू, अजून थोडं, बास.

छान चाललं होतं. मग हे माझ्या कानाशी आले. हळू बोलतोय असं त्यांना वाटलं. म्हणाले, पोरगा नवीन दिसतोय, पण हात चांगला आहे, ठेवून घे. कोणाचा गं?

मी मोठ्याने हसले. मुलगाही हसला. मग हात धुवायला गेला. किती वेळ नळ सोडून होता, तूच दार वाजवलंस.

मस्करी. लिही, मस्करी.

१९ मार्च, दुपार

चालू झाली!

नळ्यांमधली हवा काढली, बॅटरी मुलाच्या गाडीची लावली. बराच वेळ नुसती खोकली. मग एकदम पेटली. पांढरा धूर इतका की शेजारीण खिडक्या लावायला धावली. सगळी गाडी थडथडते, आत कोणी खलबत्ता कुटतंय असा आवाज. पण चालू. शेडमधून फाटकापर्यंत आली. हे ड्रायव्हरच्या सीटवर, मी शेजारी, उंदीर मागे.

मुलाने हात जोडले. म्हणाला, जिंकलीस आई. शब्द म्हणजे शब्द, फोन करून अपॉइंटमेंट रद्द करतो. आणि खरंच फोन काढला त्याने.

मी जिंकले. हे लिहून ठेव, ठळक अक्षरात.

१९ मार्च, संध्याकाळ

राहिलेलं लिही.

मुलगा फोन लावत होता. आम्ही गाडीत बसून होतो. समोर आपलं हिरवं फाटक, उजवीकडे आपली पायरी, पायरीवर ह्यांच्या चपला. ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. नीट धरलेले. म्हणाले, बाई, गाडी झाली तुमची. कुठे सोडू तुम्हाला?

मला वाटलं, मस्करी. म्हटलं, घरी सोडा.

त्यांनी मान हलवली. समोर बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाले, रस्ता सांगाल का? मी इकडचा नाही.

मी खिडकीतून मुलाला म्हटलं, फोन ठेव.

२१ मार्च, फोनवरून

ऐकू येतंय ना? वही सापडली? मग लिही.

काल टॅक्सीने आलो. आपली गाडी फाटकातच आहे, तिला ढकलून आत घ्या, येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण नको.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी वार विचारला. हे म्हणाले, ते घरात बघतात, म्हणजे मी. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, एकही उरला नाही. मग विचारलं, काम काय करायचात. तेव्हा ह्यांनी सुई आणि तिचं घर समजावून सांगितलं, काही न चुकता. बाईंनी ऐकून घेतलं. ह्यांनी परत सांगितलं. परत ऐकलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हाही त्यांनी ऐकलं, आणि मग खाली मान घालून लिहायला लागल्या. आता काही दिवस इथेच राहायचंय, तपासण्या आहेत.

मला बाहेर बोलावून विचारलं, हे कधीपासून? मी तोंड उघडलं ते नेहमीचं सांगायला. गल्लीतली फाटकं, उकाडा, मस्करी. मग नाही सांगितलं. बल्बच्याही आधीपासून आहे म्हटलं. बरंच आधीपासून.

आणि त्या अकरा तारखेच्या ओळी. खोडल्या नव्हत्यास ना? मला वाटलंच. पेनाच्या रेघेचा आवाज येतो, तेव्हा आला नव्हता. राहू दे तशाच. मी मिसळल्या असं जे पुढे लिहिलंय, ते खोड. आणि नवऱ्याला सांग, आई चुकली नव्हती. नको, मीच सांगेन.

हे झोपलेत. मनगटावरच्या नखांच्या खुणा अजून आहेत.

उद्या डबा पाठव. मऊ भात, उकडलेले बटाटे, मीठ वेगळं कागदात. माझ्यासाठी तिखट काहीतरी, इथलं पाण्यासारखं असतं. चमचा विसरशील, आत्ताच पिशवीत टाक. आणि डबे भरलेस की ज्याचं झाकण त्यालाच लाव, अदलाबदल करू नकोस. हे तेवढं बघतात अजून.