न निवडलेल्या टकरी

प्रिय धाकट्या,

सकाळपासून हे पत्र लिहायला बसते आणि उठते. चहा केला, तो गार झाला. खिडकी उघडली, परत लावली. शेजारच्या खोलीतल्या यंत्रांचे पंखे रोजच घुमतात, आज मात्र ते माझ्या डोक्यातच घुमतायत. सोमवारी इथला बीम, म्हणजे कणांचा झोत, पुन्हा सुरू होतोय आणि त्याआधी मला ठरवायचंय की आत्ताच घरी यायचं, की इथलं सगळं मार्गी लावून काही महिन्यांनी. तू लिहिलंस, आई मजेत आहे, सावकाश ये. ते वाचून माणसाने निवांत व्हावं, तर माझा पाय एका जागी ठरेना. मला एवढंच हवंय, की आई मला अजून ओळखेल का, हे मला कुणीतरी खरं सांगावं.

तू नेहमी विचारतोस, एवढ्या अवाढव्य यंत्रापाशी तू नेमकी करतेस तरी काय. या वेळी जांभई न देता ऐक. आमच्याकडे कणांच्या टकरी सेकंदाला कोट्यवधी होतात. एवढं सगळं साठवायला कुणाच्या बापाकडे जागा नाही. म्हणून ट्रिगर असतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो ठरवतो, ही टक्कर ठेवायची, ती सोडायची. सोडली ती कायमची गेली. माझं काम त्या ट्रिगरची परीक्षा घ्यायचं, म्हणजे ठेवण्याजोगं किती ठेवलं आणि किती हातचं घालवलं ते शोधायचं.

तर परवा मी तोंडावर आपटले. एक नवा ट्रिगर तपासायचा होता, घाई होती, समोर साठवलेल्या टकरी दिसल्या त्या घेतल्या आणि आकडा काढला. जवळजवळ शंभर टक्के. मी खूश. आमच्या गटप्रमुख, ज्यांना आम्ही पाठीमागे हेडबाई म्हणतो, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, या टकरी साठवल्या कोणी, त्याच ट्रिगरने ना, मग जे आत आले त्यांनाच काय विचारतेस की तुम्हाला आत घेतलं का. सगळे हसले. मीही हसले, कान लाल झाले होते तरी. खरी रीत अशी, की दुसऱ्याच एखाद्या ट्रिगरने जमवलेल्या टकरी घ्यायच्या, नाहीतर काही अट न लावता अधूनमधून उचललेल्या, आणि बघायचं की आपल्या पठ्ठ्याने त्यातल्या किती पकडल्या असत्या. तसं केलं तर आकडा धाडकन खाली आला.

जागेवर येऊन मी फोनमधले तुझे निरोप उघडले. आई जेवली. आई हसली. आई गॅलरीत बसलीये, सोबत फोटो. सगळे एकापेक्षा एक गोड. लहानपणी माझ्या बाहुलीचा हात मोडलास तेव्हाही तू तिला पांघरूण घालून, ती झोपलीये, उठवू नकोस, असंच सांगितलं होतंस. म्हणून आज इथवर लिहून झाल्यावर मावशीला फोन लावला. आईचं काहीच विचारलं नाही. स्वेटरची वीण विचारली आणि तिला बोलू दिलं.

मावशी बोलत गेली. आई भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे बघून म्हणते, कुणाची गं ही पोर, चुणचुणीत दिसते. तुला ती दादा म्हणते, आपला भाऊ समजून, आणि तू ओ देतोस. एकदा ती चपला न घालता रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, तेव्हापासून तू दाराला घंटी बांधलीयेस. मला रडू आलं. तुझा रागही आला, खोटं कशाला सांगू.

मग मला आमच्या ट्रिगरचं दुसरं दुखणं आठवलं. एक टक्कर नोंदवून घेत असताना त्याला दुसरीकडे बघता येत नाही. तेवढ्या वेळात समोरून काय वाटेल ते जावो, त्याला पत्ता नसतो. मीही इतके दिवस तुला फक्त आईचंच विचारत राहिले. ज्या मुलीबद्दल तू मला लाजत लाजत सांगितलं होतंस, तिचं लग्न दुसरीकडे ठरलं, हेसुद्धा मला मावशीकडूनच कळलं. त्यावर तू मला एक अक्षर लिहिलं नाहीस.

मघाशी हे पत्र अर्धवट टाकून उठले ती थेट हेडबाईंकडे गेले. माझं काम आता दुसरं कुणीतरी बघेल. मी उद्या निघतेय. हे ईमेलने पाठवते, म्हणजे माझ्याआधी पोचेल आणि दारात उभं राहून, कशाला आलीस, असं तुला विचारता येणार नाही. आईने मला ओळखलं नाही तर मी तिला रोज माझं नाव सांगेन, त्यात काय एवढं. पण मी येतेय ती तिच्यासाठी नाही. फोन ठेवता ठेवता मावशी थांबली आणि म्हणाली, तो हल्ली बाथरूममध्ये नळ सोडून फार वेळ बसतो गं, आणि बाहेर येतो तेव्हा अंगावर पाण्याचा थेंब नसतो. तेवढ्यासाठी येतेय. आईपाशी मी बसेन. तू नळ बंद कर, बाहेर ये आणि माझ्यासमोर रड.

तुझीच,
ताई