शेकताना करपलेला डफ

डिलाईल रोड, मंगळवार, दिवेलागण

कर्फ्यूचा तिसरा दिवस. एकाच खोलीत हे आणि मी, समोरासमोर. उद्या कर्फ्यू उठला तर सभेत ह्यांचा पोवाडा, म्हणून सकाळी म्हणाले, डफ शेकून ठेव. सादळलेला डफ मीच शेकते नेहमी. ऊब लागली की कातडं ताणतं, आवाज खणखणतो. आज शेगडीवर धरला आणि मी खिडकीतून खालच्या पोलिसांकडे बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. वास आला तेव्हा बोटभर जागा पिवळी पडली होती.

ह्यांच्या नकळत ओलं फडकं फिरवलं. बाकीचं कातडं मऊ पडलं. ती बोटभर जागा पाणीच घेईना, नखासारखी कडक. चांभाराकडे जावं तर बाहेर पाऊल टाकायची सोय नाही.

दुपारी ह्यांनी थाप मारली आणि थांबले. "काय केलंस गं?"

"काही नाही."

का खोटं बोलले मी? ह्यांनी डफ खुंटीला अडकवला.

ओल सुकत गेली तसं कातडं आवळत गेलं. पिवळ्या जागेला मात्र ताण सोसेना. आत्ताच, कुणी हात न लावता, डफ तिथूनच टरकन फाटला. दोघांनी वर पाहिलं. उठलं कुणीच नाही. उठून जाणार कुठे?