न्हाव्याची वाढलेली दाढी

ता. ६ मार्च

चि. धाकट्यास, दादाचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. कमरेत एक इंजेक्शन, ते महिनाभर पुरणार, आणि त्यानं कोकेनची चटक जाणार! छान. तीस वर्षं वस्तरा चालवतोय. केलेली दाढी दोन दिवस टिकत नाही, आणि तुझी अक्कल महिनाभर टिकणार म्हणे. त्यातून औषध कोणाचं, तर ज्यांच्या कानात नसलेले आवाज येतात त्यांचं. तुला असलेलेसुद्धा कधी ऐकू आले नाहीत. आईचा तर नाहीच.

गेल्या साली इथे होतास तेव्हा रोज सकाळी तुझी जीभ उचलून बघायचो. तरी डॉक्टरांच्या गोळ्या तुरटीच्या डबीत सापडल्याच. त्या दिवशी बाबांचा वस्तरा मी कुलपात टाकला. नशेत गिऱ्हाइकाचा कान कापून आलेल्या हाताला तो मिळणार नाही.

देव सगळ्यांना बुद्धी देतो म्हणतात. तुझ्या वेळी झोपला असावा.

लोभ ठेवून आहे; ठेवण्याजोगं काही करून दाखव.
तुझा दादा

ता. १५ मार्च

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. हसल्या, म्हणाल्या, दादांचं चूक नाही. या व्यसनावर हे औषध लागू पडतं असं अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणून तर तपासून बघतोय. काहींना फरक वाटतो, बऱ्याच जणांना काडीचाही नाही. पण टोचलेली सुई तुरटीच्या डबीत थुंकता येत नाही, दादा. महिन्यातून एकदाच शहाणपण करायचं, मग बाकीचे दिवस मूर्ख राहायला मी मोकळा.

तीन सुया झाल्या. पहिलीनंतर एकदा पावडर ओढली. पूर्वीसारखी चढली नाही, नुसतं नाक जळलं. त्याला आज अठ्ठेचाळीस दिवस झाले. परत शिवलो नाही.

पण हात जड झालेत, बोटं बारीक थरथरतात. इथल्या एका सलूनमध्ये काम मागितलंय. तिथले मालक एक तारखेला त्यांच्या देखत वस्तऱ्यानं एक दाढी करायला लावणार, मग खुर्ची द्यायची की नाही ते ठरवणार. चौथी सुई अठ्ठावीसला आहे. ती चुकवली तर हात मोकळा होईल, असं मनात येतं. चुकवू का? तुम्ही तर खूशच व्हाल.

टोमणे निम्मे करून लोभ तेवढाच असावा.
धाकटा

ता. २० मार्च

चि. धाकट्यास, अ. आ.

गाढवा, हे मला विचारतोस? ती सुई थोतांड आहे असं माझं मत होतं, आहे आणि राहील. पण अठ्ठेचाळीस दिवस! तुझा कुठलाच शब्द या घरात एवढा टिकलेला नाही. हात थरथरतो तर मला काय लिहितोस, मी काय वैद्य आहे? आधी बाईंना सांग. मात्रा कमी करतील, काहीतरी करतील. आणि मालकांना म्हणावं, दाढी करून घ्यायला माणूस मी आणतो.

तुझं पत्र आल्यापासून मी गालाला पातं लावलेलं नाही. न्हाव्याचीच दाढी वाढलेली पाहून गिऱ्हाइकं दात काढतात. शेजारच्या शिंप्यानं विचारलं, नवस आहे का? म्हटलं, आहे, एका गाढवासाठी.

मान माझी जाड आहे. पण सुई चुकवलीस तर आहे त्या दाढीनिशी परत फिरेन.

लोभाचं तिथे येऊन बघू.
दादा

ता. ५ एप्रिल

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचला असाल. हनुवटीखालची चीर भरून येत असेलच. मालक म्हणतात, असं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही. न्हाव्याला शिव्या मोजत बसतं आणि मान तसूभर हलवत नाही. वस्तरा वरच्या ओठावर आला तेव्हा तुमच्या शिव्या थांबल्या, ओठ मात्र हलतच होते. ते देवाचं नाव होतं, हे मालकांना मी सांगितलेलं नाही.

चौथी सुई घेतली, कमी मात्रेची. थरथर अजून आहे. मालकांनी तूर्त नुसती कात्री दिली आहे. वस्तऱ्याचं तीन महिन्यांनी बघू म्हणाले.

बाबांचा वस्तरा धार लावायच्या पट्ट्यात गुंडाळून माझ्या उशाखाली विसरून गेलात. तीस वर्षांत तुम्ही कंगवासुद्धा कुठे विसरला नाहीत. मी तो पाठवणार नाही. न्यायचा असेल तर दाढी वाढवून या.

टोमण्यांत खंड नसावा, ही विनंती.
तुमचा धाकटा